रबर फोमचा पहिला घाणा: कोणता घटक कुठे काम करतो

तयार फोम हाताला ढिला लागला की नवशिक्याचा हात आधी सल्फरच्या डब्याकडे जातो. बऱ्याचदा दोष सल्फरचा नसतोच. लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा, फेस गरजेपेक्षा जास्त फुगवलेला असतो, नाहीतर तो बसायला, म्हणजे साकळून घट्ट व्हायला, उशीर झाल्यामुळे छिद्रं एकमेकांत मिसळून मोठी झालेली असतात. सल्फर वाढवल्यावर फोम ताठ होतो खरा, पण तो लवकर जुना होतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

म्हणून कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. फोममध्ये दोन गोष्टी दोन वेगळ्या वेळी ठरतात. छिद्रांची रचना ठरते मिक्सरमध्ये आणि साच्यात ओतल्यानंतरच्या काही मिनिटांत. उसळी, म्हणजे दाबून सोडल्यावर परत वर येण्याची ताकद, ठरते आदल्या रात्री लॅटेक्स मुरत असताना आणि नंतर वाफेत. बहुतेक घटक यांपैकी एकाच ठिकाणी काम करतात. साबण आणि झिंक ऑक्साइड मात्र दोन्हीकडे लुडबुड करतात, आणि गोंधळ तिथेच होतो.

इथे सांगितलेली पद्धत डनलॉपची आहे. १९२९ साली बर्मिंगहॅमला डनलॉप कंपनीत ती आकाराला आली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे: लॅटेक्स फेसायचा, त्यात उशिरा काम करणारा साकळक, म्हणजे फेस घट्ट बसवणारा घटक, घालायचा, ओतायचा आणि वाफवायचा. टॅलले नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्यात साचा अर्धवट भरून निर्वातात फेस फुगवतात, गोठवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडून बसवतात. फोम फार एकसारखा येतो, पण यंत्रं आपल्या आवाक्यातली नाहीत.

आधी लॅटेक्स ओळखा

रबराच्या झाडाचा ताजा चीक पातळ असतो, त्यात रबर साधारण एक तृतीयांश. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवून पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रातून, काढून तो ६० टक्के रबरापर्यंत घट्ट करतात. पुण्यात येणारा माल बहुतेक केरळचा. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे रबराच्या बागा झाल्या आहेत, पण फोमसाठी लागणारं सेंट्रिफ्यूज केलेलं लॅटेक्स अजून दक्षिणेकडूनच मागवायचं.

विकत घेताना 'हाय अमोनिया' की 'लो अमोनिया' हे विचाराच. चीक नासू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. पहिल्या प्रकारात तो सुमारे ०.७ टक्के असतो, दुसऱ्यात ०.२ टक्क्यांच्या आसपास. फोमसाठी दुसरा बरा. पहिला मिळाला तर रुंद भांड्यात, मोकळ्या हवेत, पंख्याखाली हळूहळू ढवळत अमोनिया उडवावा लागतो. डोळे आणि घसा चुरचुरतात, तेव्हा बंद खोलीत हे करू नका. अमोनिया का कमी करायचा? साकळकाचं काम आम्लता वाढवण्याचं आणि अमोनियाचं काम ती खाऊन टाकण्याचं. जास्त अमोनिया म्हणजे फेस बसायला उशीर, आणि उशीर म्हणजे बिघडलेली छिद्रं.

ड्रम काही दिवस उभा असेल तर वर दाट थर जमतो, कारण रबराचे कण पाण्यापेक्षा हलके असतात. सावकाश ढवळून सगळं एकजीव झाल्यावरच माप घ्या, नाहीतर एका घाण्यात रबर जास्त आणि दुसऱ्यात कमी जाईल.

पाण्याकडेही लक्ष हवं. आपला सगळा भाग बेसाल्टच्या खडकावर, त्यामुळे बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लॅटेक्सच्या कणांभोवतीचं संरक्षण मोडतं आणि चीक दाणेदार होऊन फाटतो. बॅटरीवाल्याकडचं डीमिनरलाइज्ड पाणी वापरा. आणि तांबट आळीतलं घंगाळ कितीही देखणं असलं तरी लॅटेक्सजवळ आणू नका. तांबं आणि मँगनीज यांचा अंश जरी रबरात गेला तरी हवेतला ऑक्सिजन त्याला झपाट्याने खातो, फोम आधी चिकट आणि मग ठिसूळ होतो. पितळेचा नळ, पितळेचा चमचा, सगळं बाद. स्टील, काच, प्लास्टिक आणि साच्यासाठी अ‍ॅल्युमिनियम चालतं.

माप

सगळी प्रमाणं १०० भाग कोरड्या रबरावर सांगतात. लॅटेक्सवर नव्हे, कोरड्या रबरावर. शिवाय बाकीचे घटक पाण्यात दळलेल्या डिस्पर्शनच्या रूपात येतात, त्यामुळे २ भाग सल्फर म्हणजे ५० टक्के डिस्पर्शन ४ ग्रॅम. हे गणित दर वेळी कागदावर करा. लहान प्रयोगासाठी १०० ग्रॅम कोरडं रबर धरलं तर ओल्या मापात असं येतं:

लॅटेक्स, ६० टक्के: १६७ ग्रॅम
पोटॅशियम ओलिएट साबण, २० टक्के: ६ ते ७ ग्रॅम
सल्फर, ५० टक्के: ४ ग्रॅम
झेडडीईसी (अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे सल्फरचं काम वेगाने करवणारा), ५० टक्के: २ ग्रॅम
झेडएमबीटी (दुसरा अ‍ॅक्सिलरेटर), ५० टक्के: २ ग्रॅम
अँटिऑक्सिडंट (रबर लवकर जुनं होऊ न देणारा), ५० टक्के: २ ग्रॅम
झिंक ऑक्साइड, ५० टक्के: ८ ग्रॅम
डीपीजी (साकळायला मदत करणारा), ४० टक्के: १ ग्रॅम
सोडियम सिलिकोफ्लुओराइड (आपला साकळक), २० टक्के: ६ ग्रॅम

शेवटचं नाव लांबलचक, सगळे त्याला एसएसएफ म्हणतात. ते विषारी आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा, हातमोजे नायट्राइलचे घाला, पूड हवेत उडू देऊ नका. केकचा बीटर यात एकदा वापरला की तो परत स्वयंपाकघरात जाणार नाही हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने या वाटेला न गेलेलंच बरं.

डिस्पर्शन तयार मिळतात, तेच घ्या. सल्फर घरी खलबत्त्यात कुटून लॅटेक्सच्या कणांच्या जवळपास जाणारी बारीकी येत नाही. बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या पिंपात, दोन-तीन दिवस फिरवावं लागतं. जाडा सल्फर तळाशी बसतो आणि मग खालचा फोम जळका, वरचा कच्चा.

आदली रात्र: मुरवणं

लॅटेक्समध्ये आधी थोडा साबण घाला, म्हणजे पुढचे घटक पडताना चीक फाटत नाही. मग सल्फर, दोन्ही अ‍ॅक्सिलरेटर (झेडडीईसी आणि झेडएमबीटी) आणि अँटिऑक्सिडंट. झिंक ऑक्साइड आत्ता नाही. झाकून १६ ते २४ तास ठेवा, अधूनमधून हलक्या हाताने ढवळा.

या काळात रबराच्या प्रत्येक कणाच्या आत, तो अजून पाण्यात तरंगत असतानाच, सल्फरचे जोड तयार व्हायला लागतात. नैसर्गिक रबर म्हणजे लांबच लांब साखळ्या. जोड नसले तर ताणल्यावर त्या एकमेकींवरून घसरतात आणि परत येत नाहीत. जोड पडले की घसरणं थांबतं आणि ताण सुटल्यावर साखळ्या आपल्या जागी येतात. फोमची उसळी म्हणतात ती हीच, छिद्रं तिला फक्त जागा देतात.

किती मुरलं ते बघायला क्लोरोफॉर्मची चाचणी आहे. लॅटेक्स आणि क्लोरोफॉर्म समान घेऊन हवेशीर जागी ढवळायचं आणि तयार झालेला गोळा बोटांनी ओढायचा. चिकट, तारा सुटणारा गोळा आला तर कच्चं. गोळा मऊ पण ओढल्यावर थोड्याच अंतरात तुटणारा आला तर फोमसाठी योग्य. कोरडा चुरा पडला तर जास्त मुरलं. जास्त मुरलेल्या लॅटेक्सचे कण एकमेकांना नीट चिकटत नाहीत आणि बसलेला फेस साच्यातच भेगाळतो.

पुण्यात इथे ऋतू आडवा येतो. एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकलेल्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं लॅटेक्स ठरल्या वेळेच्या बरंच आधी तयार होतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बाराला आला की तेच लॅटेक्स दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा कच्चं असतं. घड्याळावर विसंबू नका, गोळ्यावर विसंबा.

फेसणं

उरलेला साबण घाला आणि मिक्सर जोरात चालवा. साबण पृष्ठताण कमी करतो, म्हणून हवा कोंडली जाते. साबण कमी पडला तर फेस फुगत नाही आणि छिद्रं जाडीभरडी येतात. जास्त झाला तर फेस दिसतो झकास, पण पुढे बसायलाच तयार होत नाही, कारण साकळकाला आधी एवढ्या साबणाशी झगडावं लागतं. वर तो साबण फोममध्ये राहिला तर हवेतली ओल ओढतो. म्हणून फेस कमी वाटला तर साबण वाढवण्याआधी फेसण्याचा वेळ वाढवून बघा.

किती फुगवायचं हे डोळ्यांनी ठरवू नका. १०० मिलिचा एक प्लास्टिकचा कप घ्या, फेसाने भरा, कड सपाट करा आणि वजन करा. वरच्या मापाने अखेरचा फोम घनमीटरला साधारण १०० किलोचा हवा असेल तर कपात सुमारे १४ ग्रॅम फेस भरला पाहिजे. हा आकडा असा येतो: सुकल्यावर उरणारे घटक मिळून ११० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १.१ लिटर फोम. सुकताना प्रत्येक बाजूने सात-एक टक्के आकसतो, म्हणून ओला फेस १.४ लिटर लागतो. सगळा घाणा सुमारे २०० ग्रॅमचा. १.४ लिटर म्हणजे १४ कप, तेव्हा २०० ला १४ ने भागा.

या एका कपाच्या वजनाला मी सल्फरपेक्षा जास्त मान देतो. उघड्या छिद्रांच्या फोमचा कडकपणा ढोबळमानाने घनतेच्या वर्गाप्रमाणे बदलतो. घनता ८० वरून १०० केली, म्हणजे सव्वापट, तर कडकपणा दीडपटीहून थोडा जास्त होतो. सल्फर अर्ध्या भागाने इकडे-तिकडे करून एवढा फरक पडत नाही. दोन घाण्यांची तुलना करायची तर आधी दोन्ही कपांची वजनं जुळली पाहिजेत, नाहीतर सगळी तुलना फुकट.

हवं तेवढं फुगलं की वेग कमी करा आणि दोन-तीन मिनिटं मंद फिरवा. ही पायरी सगळे गाळतात. जोराच्या वेगात हवा आत जाते, मंद वेगात मोठे बुडबुडे फुटून बारीक आणि एकसारखे होतात. छिद्रं एकसारखी असतील तर दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. मोठी छिद्रं मध्येच राहिली तर त्यांच्या पातळ भिंती आधी वाकतात आणि फोम तिथे कायमचा खचतो.

बसवणं: खरी परीक्षा

आता मंद वेगावर झिंक ऑक्साइड आणि डीपीजी घाला, मिनिटभर फिरवा. मग एसएसएफ. ते पाण्यात फार थोडं विरघळतं, म्हणून बाटली जोरात हलवून लगेच मोजा. न हलवता घेतलंत तर वरचं पाणीच येईल. आणखी मिनिटभर फिरवून ओता.

या टप्प्यात काय चालतं ते कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. एसएसएफ पाण्यात सावकाश फुटतं, त्यातून आम्ल सुटतं आणि लॅटेक्सचा पीएच हळूहळू उतरतो. दुसरीकडे झिंक ऑक्साइडचा काही भाग अमोनियात विरघळलेला असतो. पीएच उतरताना त्यातलं झिंक मोकळं होतं आणि रबराच्या कणांना तरंगत ठेवणाऱ्या साबणालाच पकडून न विरघळणारा झिंक साबण बनवतं. कणांचं संरक्षण गेलं की ते एकमेकांना चिकटतात आणि सगळा फेस जिथे आहे तिथे साकळतो. सिलिकोफ्लुओराइड फुटताना निघणारं सिलिका जेलही याला हातभार लावतं. डीपीजी ही साकळण्याची क्रिया थोडी आधी आणि अधिक भरवशाची करतं, म्हणजे बुडबुडे कोसळायच्या आत रबर घट्ट होतं.

सगळा खेळ या शर्यतीचा आहे. एका बाजूला फेसातून पाणी खाली निथळतंय आणि बुडबुडे फुटतायत, दुसऱ्या बाजूला रबर साकळतंय. साकळणं उशिरा झालं तर तळाशी जड, ओलसर थर आणि वर मोठमोठी छिद्रं, क्वचित सगळा फेस खचून साच्यात चकती उरते. फार लवकर झालं तर ओततानाच गुठळ्या होतात, पृष्ठभागावर वळ्या राहतात आणि आतून भेगा पडतात. साधारण पाच ते दहा मिनिटांत बसणारा फेस सांभाळायला सोपा. ओतताना तो इडलीच्या पिठासारखा, स्वतःच्या वजनाने पसरणारा पण न वाहणारा असावा. बसला की बोट टेकवल्यावर बोटाला काही लागत नाही आणि खळगा हळूच भरून येतो.

एसएसएफ कमी-जास्त करून ही वेळ साधता येते, पण एका वेळी अर्ध्या ग्रॅमचाच फरक करा. थंडीत मात्र एसएसएफचं माप बदलू नका. लॅटेक्सचं भांडं कोमट पाण्यात ठेवून २५ अंशांपर्यंत आणा, साचाही कोमट करा. थंड लॅटेक्समध्ये एसएसएफ वाढवून बसवलेला फेस वाफेत गेल्यावर उरलेल्या आम्लामुळे जास्त आकसतो, आणि उन्हाळा आला की तेच माप ओतायलाही वेळ देत नाही.

झिंक ऑक्साइडची दुसरी नोकरी वाफेत सुरू होते. तिथे ते अ‍ॅक्सिलरेटरला कामाला लावतं. त्यामुळे ते अगदी कमी केलंत तर रचना आणि उसळी दोन्ही एकदम बिघडतात, आणि दोष कुठला हे ओळखता येत नाही. नवीन असताना याला चार भागांवर ठेवा आणि विसरून जा.

वाफ, धुणं, सुकवणं

बसलेला साचा झाकून मोकळ्या वाफेत ४५ मिनिटं ते तासभर. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मुंबईच्या किंवा केरळच्या मापात लिहिलेली वेळ इथे थोडी वाढवूनच धरा, विशेषतः दोन इंचांपेक्षा जाड फोमला. रबर उष्णता सहजासहजी आत जाऊ देत नाही, आणि हवेने भरलेलं तर अजिबात नाही.

गरम असतानाच साच्यातून काढा, वाहत्या पाण्यात पिळून-पिळून धुवा. साबण, उरलेले क्षार आणि लॅटेक्समधली प्रथिनं यातून निघतात. अ‍ॅलर्जीला कारणीभूत असतात ती हीच प्रथिनं. मग ६०-७० अंशांच्या गरम हवेत पूर्ण सुकेपर्यंत ठेवा. पावसाळ्यात गच्चीवर सुकवायचा बेत करू नका. बाहेरून कोरडा वाटलेला फोम आतून ओला राहतो आणि वास धरतो. उन्हात तर कधीच नको, ऊन रबराचा शत्रू.

उसळी दुरुस्त करायची तर

घनता बरोबर आहे, छिद्रं बारीक आणि एकसारखी आहेत, तरी फोम दाबल्यावर दबलेलाच राहतो, असं असेल तर दोष जोडांचा. तेव्हा सल्फरचा डबा उघडा, पण आधी वाफेची वेळ दहा-पंधरा मिनिटांनी वाढवून बघा. तेवढ्यानेच काम होण्याची शक्यता मोठी.

नाही झालं तर सल्फर वाढवण्याऐवजी अ‍ॅक्सिलरेटर थोडा वाढवा आणि सल्फर तसाच ठेवा किंवा किंचित कमी करा. जास्त सल्फर आणि कमी अ‍ॅक्सिलरेटर असेल तर दोन साखळ्यांमध्ये सल्फरच्या अनेक अणूंचे लांब जोड पडतात. त्यांनी फोम फाटायला चिवट होतो, पण उष्णतेत आणि दीर्घ दाबाखाली ते जोड तुटून नव्या जागी जुळतात, आणि फोम दबलेल्या आकारातच स्थिरावतो. अ‍ॅक्सिलरेटर जास्त असेल तर जोड आखूड आणि टिकाऊ पडतात. गादीला, बसायच्या उशीला हेच हवं.

चायना क्ले किंवा खडूची पूड घालून फोम स्वस्त आणि जड करतात. दहा-वीस भागांपर्यंत फारसं बिघडत नाही, कडकपणाही थोडा वाढतो. त्यापुढे उसळी मरते आणि फोम चुरायला लागतो. बाजारात फक्त वजनावर विकला जाणारा फोम म्हणूनच मला संशयास्पद वाटतो. अँटिऑक्सिडंट उसळीला आज काही करत नाही, तीन वर्षांनी करतं. पांढरा फोम हवा असेल तर फिनॉलवर्गीय घ्या, अमाइनवर्गीय घेतला तर फोम तपकिरी होतो.

मोजायचं कसं? पाच सेंटिमीटरचा ठोकळा कापा, दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये बरोबर निम्म्या जाडीपर्यंत दाबून बोल्ट आवळा आणि ७० अंशांच्या ओव्हनमध्ये २२ तास ठेवा. काढून अर्धा तास मोकळा सोडा, मग जाडी मोजा. मूळ जाडीपैकी किती टक्के परत आली नाही, तो तुमचा कॉम्प्रेशन सेट. फोमच्या कारखान्यांतही हीच चाचणी होते. वहीत प्रत्येक घाण्यापुढे कपाचं वजन, खोलीचं तापमान, बसायला लागलेली मिनिटं आणि हा सेट, एवढे चार आकडे लिहा.

धुण्याच्या पाण्यात झिंक आणि फ्लुओराइड असतात. प्रयोगापुरतं असलं तरी ते बागेत किंवा नाल्यात ओतू नका, साठवून रासायनिक कचरा नेणाऱ्याकडे द्या. उद्योग म्हणून सुरू करणार असाल तर भोसरी असो की चाकण, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचं काम मिक्सर विकत घेण्याआधी मार्गी लावा.